मुलतानी मातीचा किल्ला

२८ सप्टेंबर, रविवार
दुकानात गेल्या वर्षीच्या डायऱ्या उरल्या होत्या. मालक बन्सलजींनी एक मला दिली. तारखा चालतात, वार चुकतात. म्हणून रोज छापलेला वार खोडायचा आणि खरा लिहायचा. पट्टी लावून खोडायचा.

आज जेवताना सुखदाताई म्हणाली की मुलं हातची चालली. चिरागला व्हिडिओ लावल्याशिवाय घास जात नाही. इशिता त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, ती दिवसभर कुठल्या तरी मुली स्लाइम मळतात ते बघत बसते. दिवाळीपर्यंत या दोघांच्या हातात मोबाईल सोडून दुसरं काहीतरी आलं पाहिजे, असं ताईचं म्हणणं. भावोजी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आहेत. ते म्हणाले, एक समिती नेमू. मी म्हणालो, समिती कशाला, मी आहे. ताई हसली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

बी.कॉम. पहिल्याच वर्षी सुटलं तेव्हा मी साताऱ्याहून इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला ताईच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो आणि पहाडगंजला स्टेशनरीच्या होलसेल दुकानात लागलो. तेव्हा मी संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की चिराग माझ्या पायाला विळखा घालायचा. मी त्याला तसाच ओढत आत न्यायचो. बूट काढायलाही मिळायचे नाहीत. आता मी येतो, बूट काढतो, जोडीने ठेवतो, आणि कोणी मान वर करत नाही. बूट मात्र आता छान राहतात.

निश्चय: दिवाळीपर्यंत मोबाईल बंद, विळखा परत.

२९ सप्टेंबर, सोमवार
चार्ट पेपरवर तक्ता केला. हेडिंग: सर्जनशील सवयी. शुद्धलेखन तपासून घेतलं. ओरिगामी, चित्रकला, गोष्ट लिहिणे, मातीकाम, खेळ. प्रत्येकाला वेगळं स्केचपेन आणि खाली रंगांचा खुलासा. एक रंग कमी पडला म्हणून खेळ काढून टाकला.

चिरागने विचारलं, मामा यार, यात व्हिडिओ कुठे आहे? मी म्हणालो, नाहीच आहे. तो म्हणाला, अच्छा, मग हा होमवर्क आहे. मी त्याला होमवर्क आणि सर्जनशील सवय यांतला फरक समजावून सांगितला. समजावून होईपर्यंत तो झोपला होता.

ताई-भावोजींचे मोबाईल संध्याकाळी पोळ्यांच्या डब्यात. टॅब कपाटावर. माझा फोन बाहेर राहील. मार्गदर्शनासाठी लागतो.

१ ऑक्टोबर, बुधवार
ओरिगामी. बगळा. व्हिडिओ बघून करायचा होता. मी पॉज करत होतो आणि कागदाची कडा कडेला जुळते का ते पाहत होतो. मुलं माझ्या दोन्ही खांद्यांवरून बघत होती. खूप दिवसांनी दोघं इतकी जवळ बसली. बगळ्यानंतर आपोआप बेडूक लागला. बेडकानंतर जपानमधला एक मांजरवाला. ताई पोळीचा डबा उघडायला आली तेव्हा एका फोनवर तीन डोकी होती. तिने डबा जरा जोरात लावला.

मांजरवाला शैक्षणिक नव्हता हे मान्य. पण तो सर्जनशील होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सकाळी चित्रकला. विषय: माझे घर. इशिताने आकाश घराच्या आत रंगवलं. मी तिला खोडरबर दिला. तिने खोडलं, कागद चुरगळला, मी इस्त्री करून आणला. मग छप्पर मी सरळ करून दिलं. मग खिडक्या. मग झाड. चित्र फारच छान झालं. फ्रिजवर लावलं आहे. ते पूर्ण झालं तेव्हा इशिता खोलीत नव्हती.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या पद्मजाकाकू सोनं द्यायला आल्या. बरोबर त्यांचा पुतण्या सुयश. पुण्याचा. गुडगावला आयटीत लागला आहे, काकूंकडे राहायला आलाय, बराच वेळ घरूनच काम करतो. आपट्याची खरी पानं त्याने पुण्याहून आणली होती. इंजिनियर. अंगात कुठल्यातरी मॅरेथॉनचा टी-शर्ट. खुर्च्या रिकाम्या असताना जमिनीवर बसला. चिरागने त्याला विचारलं, तुमच्या फोनमध्ये कोणते गेम आहेत? तर म्हणतो, फोन खाली चार्जिंगला आहे.

फोन चार्जिंगला लावून जो माणूस दुसऱ्या मजल्यावर येतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
कल्पना सुचली. माझी. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी काहीही म्हणेल.

किल्ला. दिवाळीचा मातीचा किल्ला. दिल्लीत वाढलेल्या या मुलांनी तो कधी केलेला नाही. मी गॅलरीत उभा राहून त्यांना सांगितलं: बुरूज, तटबंदी, वर सिंहासनावर महाराज, उतारावर मावळे, मोहरी पेरून जंगल. इशिताने विचारलं, बुरूज म्हणजे टॉवर का? चिरागने विचारलं, खरी मिट्टी का? दोघांचे डोळे माझ्यावर होते. व्हिडिओ नव्हता, तरी होते.

खालून सुयश जात होता. ऐकून थांबला. वर बघून म्हणाला, काय मस्त आयडिया आहे, मी पण येऊ का? मुलं नको त्या आवाजात हो म्हणाली. मग मीही म्हणालो, या की. सभ्यता म्हणून. सातारकरांची हीच अडचण आहे. आमच्या घराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. पुण्याच्या माणसाला किल्ला बघायला गाडी काढावी लागते.

७ ऑक्टोबर, मंगळवार
मातीचा प्रश्न होता. पार्कातली माती घ्यायला गेलो तर माळी अंगावर आला. शिवाय त्या मातीत काय काय असतं ते मी वाचलं आहे. मुलांच्या नखात जातं.

पहाडगंजला आमच्या दुकानाच्या मागे एक होलसेलवाला मुलतानी माती विकतो. दळलेली, चाळलेली, खडा नाही, किडा नाही, रंग सायीसारखा. एवढी स्वच्छ माती साताऱ्यातही पाहिली नाही. एक पोतं घेतलं. मेट्रोच्या तपासणीत जवानाने पोतं उघडायला लावलं. विचारलं, हे कशाला. मी म्हणालो, किला बनाना है. त्याने मला बाजूला उभं केलं आणि दुसऱ्याला बोलावून आणलं. दुसऱ्याने चिमूट घेऊन हुंगली आणि म्हणाला, मॅडम लोगों का सामान है, जाने दो.

घरी आलो तर मुलं नव्हती. ब्लॉकच्या मागे पाण्याच्या पाइपसाठी खणलंय. सुयशने त्यांना तिथे नेऊन मातीच्या ढिगावर बसवलं होतं. तिथेच किल्ला करू म्हणाला म्हणे. चिराग गुडघ्यापर्यंत काळा. हातात गांडूळ. गांडुळाचं नाव ठेवलं होतं. मी विचारलं, नाव कोणी ठेवलं? म्हणाला, आपण तिघांनी. या तिघांत मी नव्हतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मी गॅलरीत वेगळा किल्ला सुरू केला आहे. मुलांना तुलना करता यावी म्हणून. आधी प्लॅन काढला, प्रमाण ठरवलं, प्लायवूडवर आखणी केली. मुलांनाही काम दिलं. इशिताने पट्टी धरायची, चिरागने पट्टीचं दुसरं टोक. मातीला हात लावायचा नाही, ठसे उमटतात.

चिराग म्हणाला, मामा, मला सू-सू. मी म्हणालो, जा. तो बराच वेळ आला नाही. मग इशिता त्याला बघायला गेली. कठड्यावरून वाकून पाहिलं तर दोघं खाली, ढिगावर, सुयशच्या दोन बाजूंना.

पट्टी मीच धरली. एका हाताने जमतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
किल्ला पूर्ण. संगमरवरासारखा गुळगुळीत. बालेकिल्ल्याच्या भिंती पट्टी लावून तपासल्या. सुट्टी टाकली होती, त्यामुळे मधूनमधून खाली लक्ष ठेवता आलं. फोनचा कॅमेरा मोठा करून बघितलं की गॅलरीतून सगळं दिसतं.

खाली काहीही प्लॅन नाही. एक बुरूज गुडघ्याएवढा, दुसरा कमरेएवढा. इशिताने तलाव केला, त्याची भिंत फुटली, पाणी रस्त्यावर गेलं. मी असतो तर आधीच सांगितलं असतं. सुयश काय म्हणाला असेल? म्हणाला, चला, आपल्याकडे आता नदी आहे. आणि ती तिघं नदी आहे म्हणून नाचली. चूक झाल्यावर नाचतात हे मी प्रथमच पाहिलं.

मुलांना ज्याच्या हाती सोपवलंय तो कोण, हे पाहणं मामा म्हणून माझं काम आहे. म्हणून त्याचं इन्स्टाग्राम पाहिलं. मुलांना शिकवण्याचं कुठलंही प्रमाणपत्र नाही. पार कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत मागे गेलो. पाचवीतला एक फोटोही आहे. त्यात तो नाटकात झाड झालाय. झाड म्हणूनही त्याला टाळ्या पडल्यासारख्या दिसतात.

डोळे दुखतायत. हवा फार खराब आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार
वाळल्यावर किल्ल्याला भेगा गेल्या. सगळ्या बाजूंनी, एकदम, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. प्लॅनमध्ये चूक नाही, पुन्हा तपासला. दिल्लीची हवा कोरडी आहे.

पद्मजाकाकू विरजण मागायला आल्या होत्या. गॅलरीत डोकावल्या, वाकल्या, हुंगल्या. म्हणाल्या, अरे मुरलीधर, ही तर मुलतानी मिट्टी. चेहऱ्याला लावायची. मी म्हणालो, किल्ल्यालाही चालते. त्या म्हणाल्या, चालत असेल रे, तू म्हणतोस तर, पण हा कोपऱ्यातला बुरूज पडलेलाच आहे ना? आणि वाटीत विरजण आणि पदरात बुरूज घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या ब्लॉकला गेली. मिश्रा भाभी डबा घेऊन आल्या. पश्चिमेची तटबंदी गेली.

बालेकिल्ला राखला. ताई मध्ये पडली म्हणून. ती म्हणाली, तेवढा राहू द्या, मला उटण्याला लागेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
चिराग आज जेवताना म्हणाला, सुयशमामा म्हणतो की मावळे बाजारातून आणायचे नाहीत, आपणच करायचे.

सुयशमामा.

मी घास खाली ठेवला. परवापर्यंत तो सुयशदादा होता. दादा कोणालाही म्हणतात, भाजीवाल्यालाही म्हणतात. मामा ही पदवी नाही, नातं आहे. त्यासाठी आईचा भाऊ असावं लागतं. मी हे शांतपणे समजावून सांगितलं. इशिता म्हणाली, पण मामा, तो मामासारखा आहे ना. मी विचारलं, मामासारखा म्हणजे कसा? तिने विचार केला आणि म्हणाली, खेळतो तसा.

चिराग हाताने जेवत होता. व्हिडिओशिवाय. तीन पोळ्या खाल्ल्या. ताई आणि भावोजी एकमेकांकडे बघून हसत होते. कोणाच्या लक्षात आलं नाही की मी एकच खाल्ली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आज जे केलं ते तात्पुरता उपाय म्हणून केलं.

सर्जनशील सवयीसुद्धा अति होता कामा नयेत. मुलं दोन तास उकिरड्यासारख्या जागेत होती. त्यांना घरी आणणं आवश्यक होतं. मी जिन्यात उभा राहून हळूच हाक मारली आणि सांगितलं की माझ्या फोनवर तो गाड्यांचा गेम घेतलाय, चिरागला वाढदिवसाला हवा होता तो. फुल चार्ज आहे. ताईला सांगायचं नाही. वर या, खोलीत बसू, आपण तिघं.

चिरागने दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत चिखल. म्हणाला, मामा, आत्ता नाही, आत्ता दरवाजा बसवतोय. तूच खेळ. इशिता म्हणाली, मामा, तू बोअर होतोयस का? खाली ये ना. मी म्हणालो, हवा खराब आहे.

वर येऊन तो गेम खेळून पाहिला. मुलांसाठी योग्य आहे की नाही ते बघावं लागतं. सातव्या लेव्हलपर्यंत योग्य आहे.

रात्री जेवताना इशिता सगळ्यांसमोर म्हणाली, आई, मामा आम्हाला लपून मोबाईल देत होता, आम्हीच नाही घेतला. ताईने भात वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, मुरली, तुझा फोनही उद्यापासून पोळ्यांच्या डब्यात. भावोजी म्हणाले, समिती नेमली असती तर हे झालं नसतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस
ताईने जाहीर केलं की भाऊबीजेला सुयशलाही ओवाळणार. त्याला बहीण नाही, बिचारा दिवाळीत पुण्याला जाऊ शकत नाही, आणि मुलांचं किती केलं त्याने.

हे साधं नाही. ताईने ओवाळलं की तो तिचा भाऊ. तिचा भाऊ झाला की मुलांचा मामा. मग मी नात्याचं जे समजावून सांगितलं त्याला अर्थ राहत नाही. मी भावोजींना विचारलं, दोन मामांत सीनियर कोण? त्यांनी प्रश्न गांभीर्याने घेतला. म्हणाले, सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेने धरतात किंवा जन्मतारखेने. मी म्हणालो, रुजू झाल्याच्या. चिरागच्या बारशाला मी हजर होतो, पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. ते म्हणाले, घरगुती प्रकरणांत जन्मतारीख.

सुयश माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. हे मला इन्स्टाग्रामवरून आधीच माहीत होतं.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी
अभ्यंगस्नान. उटण्यात ताईने माझा बालेकिल्ला मिसळला. थोडं उटणं वाटीत घालून चिरागबरोबर खालीही पाठवलं. म्हणजे सुयश माझा किल्ला अंगाला लावून अंघोळ करून आला. चेहरा खरंच उजळ दिसत होता. माती उत्तम प्रतीची होती, हे तरी सिद्ध झालं.

मुलांच्या किल्ल्याचं उद्घाटन झालं. कॉलनीतली पंधरावीस माणसं आली. मिश्रा भाभींनी विचारलं, ये कौन सा मंदिर है? तर इशिताने त्यांना हिंदीत सगळं समजावलं. बुरूज, तटबंदी, मोहरीचं जंगल. शब्द सगळे माझे होते. पाच ऑक्टोबरला मी गॅलरीत सांगितलेले.

मी वरूनच पाहिलं. फटाक्यांमुळे हवा अतिशय खराब. फोन डब्यातून मागून घेतला, फोटोसाठी. मोठं करून पाहिलं तर दरवाजाशी एक पांढरा पुतळा दिसतोय. बाकी सगळे मावळे तपकिरी, हाच पांढरा. कोण ते कळलं नाही. सुयश असणार. स्वतःचा पुतळा उभारून घेणाऱ्या माणसाबद्दल काय बोलावं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
दोन पाट मांडले. पहिला सुयशचा. ताईने ओवाळलं. त्याने तबकात एक मातीची पणती ठेवली, मुलांकडून शिकून केली म्हणाला. वाकडी होती. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भेट म्हणून दुकानातला पेनसेट ठेवला. बारा रंग. ताई म्हणाली, अगदी उपयोगी. चिरागने विचारलं, आता दोन मामा, हाक कशी मारायची? भावोजी म्हणाले, मोठा मामा आणि धाकटा मामा. विषय तिथेच निकाली निघाला.

सुयश निघाला तेव्हा चिरागने त्याच्या पायाला विळखा घातला. सुयशला विळख्यासकट कसं चालायचं ते माहीत नाही. दोनदा धडपडला. पाय घासत न्यायचा असतो, उचलायचा नसतो. मी सांगितलं नाही.

मग इशिता मला हात धरून खाली घेऊन गेली. म्हणाली, तू अजून जवळून बघितलाच नाहीस. मी तोंडाला रुमाल लावून गेलो. पांढरा पुतळा दरवाजाशी बसला होता. मान खाली, दोन्ही हात तोंडासमोर, हातात चपटा तुकडा. मी विचारलं, ढाल आहे का? इशिता म्हणाली, फोन. तो तू आहेस. तू रोज वरून बघायचास ना, म्हणून तू पहारेकरी. गॅलरीत सांडलेली तुझी माती होती, तिचाच केला.

पुतळ्याला मानेपासून पाठीपर्यंत भेगा होत्या. चिरागने बोट ओलं केलं आणि मानेवरची भेग हळूहळू बुजवली. म्हणाला, मामा, तू रोज फुटतोस. मी रोज सकाळी नीट करतो. नाक फार चांगलं साधलं आहे. माझ्याकडे बराच वेळ पाहिल्याशिवाय असं नाक होणार नाही.

मी संपूर्ण किल्ला नीट पाहिला. बुरूज, नदी, जंगल, मावळे. सुयशचा पुतळा कुठेही नाही. दरवाजाच्या आतही वाकून पाहिलं. नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.

सहज विचारावं तसं इशिताला विचारलं, सुयशमामाचा पुतळा नाही केला का गं? ती म्हणाली, त्याचा कशाला? तो तर खेळतोच ना आमच्याबरोबर.

निश्चय: उद्या दुकानातून लवकर येऊन खाली जायचं. फोनशिवाय. रुमालाशिवाय.

उद्याची हवा फोनवर पाहिली. अतिशय खराब. परवा.